सगळ्या मोटरी चालू करा

गजा, मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. मी देणार आहे. तू होतास तेव्हा निदान परत तरी द्यायचास, आता सगळ्या फुकट जातील. पण पोटात ठेवल्या तर मला अन्न जात नाही, म्हणून ऐक.

तापीवर तुझा दहावा केला. कावळा लगेच शिवला. माय पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मना पोऱ्यानं काहीच अडकेल नही." मी मनात म्हटलं, त्याचं कशाला अडकेल, सगळं या अक्काच्या गळ्यात बांधून तो मोकळा झालाय.

दुसऱ्या दिवशी तुमच्या मिलचा डाइंग मास्तर बमरोलीला आपल्या खोलीवर आला. चपला बाहेर काढल्या, तुझ्या फोटोला हार घातला, डोळे मिटून उभा राहिला. मग माझ्यासमोर बसून कामाचं बोलला. मिलचा कामगार सुपडूभाऊ ज्या पाण्याने भाजून मेला ते पाणी मशीनमधून कसं सुटलं, याची चौकशी करायला सरकारी इन्स्पेक्टर येणार आहेत. मशीन चालवणाऱ्या तुझ्या पेटीच्या पोटात काय आहे ते तुझ्यामागे एकट्या मला कळतं. त्यामुळे मला विचारणार.

"बेन, तमारा भाईनुं मशीन तो एकदम ओके हतुं," मास्तर म्हणाला. "साहेब पूछे तो एटलुंज कहेवानुं." एवढंच सांगायचं म्हणे, आणि मग सुपडूचं म्हणशील तर तो दारू प्यायलेला होता, व्हॉल्वचा हातदांडा त्याने स्वतःच फिरवला, सगळ्यांनी पाहिलंय. शेवटी आवाज बारीक करून म्हणाला की तुला रस्त्यात मारलं ते सुपडूच्या भाऊबंदांनीच, दोन नावं त्याला माहीत आहेत, मी फक्त हो म्हणायचं. भावाचं नाव स्वच्छ आणि भावाला मारणारे हातात, दोन्ही एकाच ताटात वाढून आणलं होतं त्याने. मी त्याला चहा दिला. पातेलं उचललं तेव्हा ते त्याच्या डोक्यात घालावं असं मला अगदी मनापासून वाटलं, पण माय समोर बसली होती.

आपल्या घरात हात उचलणं काही नवं नव्हतं. दादा पाळी करून आले की आधी आपल्याला बदडायचे, मग जेवायचे. ते नसले की आपण एकमेकांना. माझ्या नवऱ्याने मला एक दिली, मी दोन दिल्या आणि ट्रंक उचलून सुरतेला परत आले, तेव्हा सगळ्या नात्यागोत्यात तू एकटा हसलास. म्हणालास, "त्याले वाचाडं तू, तिसरी दिधी नही." आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या टेबलावरची झेरॉक्स केलेली जाड पुस्तकं माझ्यापुढे आणून आपटलीस. तुझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, माझं धुळ्याचं एम.एस्सी. गणित, ते मी लग्नात मापट्याबरोबरच ओलांडून आले होते. "हे मला कळत नाही, तुला कळेल," तू म्हणालास. गजा, त्या वेळी लोक मला तांदूळ निवडायला देत होते, आणि तू मला गणित परत दिलंस. हे तुला कधी सांगितलं नाही. तू डोक्यावर बसला असतास.

तुझी अडचण साधी होती. ऑफिसातल्या कॉम्प्युटरपासून रंगाईच्या मशीनपर्यंत एक तार. तारेवरून शून्य आणि एक जातात. "गरम कर", "थांब", "थंड कर", "पाणी सोड" असे सोळा हुकूम, प्रत्येकाला चार बिट, म्हणजे चार शून्य-एक. पण त्या तारेच्या शेजारून मोटरींच्या जाड केबली गेलेल्या. मोटर सुरू झाली की तारेला झटका बसतो, मधलाच एखादा शून्य उलटून एक होतो, आणि मशीनला भलताच हुकूम पोचतो.

प्लेगच्या साली अर्धं सुरत बोचकी घेऊन स्टेशनकडे पळालं. मायला आपण पारोळ्याच्या गाडीत बसवून दिलं आणि दोघं मागे राहिलो. गल्ली ओस, दुकानं बंद, तोंडाला फडकी. तेव्हा जमिनीवर शेंगदाणे आणि सुक्या मिरच्या मांडून आपण तो कोड बसवला. शेंगदाणा म्हणजे शून्य, मिरची म्हणजे एक. हुकमाच्या चार दाण्यांमागे तीन राखणदार, आणि ते अशा हिशेबाने की सातांपैकी कुठलाही एक उलटला तरी नेमका कुठला ते कळावं आणि पेटीने आपणहून तो सुलटा करावा. मी पाठ करून बसायची, तू एक दाणा बदलायचास, मी वळून बोट ठेवायची. एकदाही चुकले नाही. तू आनंदाने माझ्या पाठीत गुद्दा घातलास, अजून दुखतो कधीकधी. बाहेर माणसं मरत होती आणि आपण दोघं इतके खूश होतो की आज सांगायला लाज वाटते.

भांडण आठव्या बिटाचं. ते आपलं अर्धवटच राहिलं, म्हणून आज पुरं करते.

मी तुला चाळीवरून समजावलं होतं. आपले सोळा शब्द म्हणजे सोळा घरं, प्रत्येक घर दुसऱ्यापासून निदान तीन पावलं लांब. एक पाऊल चुकलेला माणूस कुणाच्या घरचा ते कळतं, त्याला परत नेऊन सोडता येतं. पण दोन पावलं चुकला की तो शेजाऱ्याच्या दाराला जास्त जवळ असतो, आणि तुझी पेटी त्याला मोठ्या विश्वासाने शेजाऱ्याच्या घरात ढकलून कडी लावून घेते. तिला वाटतं आपण दुरुस्त केलं. आठवा बिट घातला की घरं चार पावलं लांब होतात. मग दोन पावलं चुकलेला बरोबर मधोमध उभा राहतो. पेटीला कळतं की हा कुणाचा ते आपल्याला सांगता येत नाही. मग ती गप्प बसते आणि पुन्हा विचारते.

"गप्प बसनारी पेटी कोन विकत घेई?" तू म्हणालास. आठवी जागा तुला हुकूम कुठे सुरू झाला ते ओळखायला हवी होती. त्याहून लांब हुकूम केला तर सगळ्या मशीनींची एक फेरी मारायला वेळ लागतो, तेवढ्यात तापमान घसरतं, कापडाची शेड बिघडते, मास्तर बोंब मारतो. सातात भागतं ते आठात कशाला, हे तुझं पालुपद. एकदम दोन उलटणार कसे, एवढा मोठा झटका येणार कुठून? मी म्हटलं, मिलमधून येईल, दुसरीकडून कुठून. तू म्हणालास, तू शाळेत पोरांना पाढे शिकव, मिलचं मला कळतं. मी स्टीलचा तांब्या फेकला. तुझी भुवई फुटली, तू माझा हात पिरगळलास, माय स्वयंपाक टाकून धावत आली, "भाऊबहीण शेतस का सवती? एखादानं डोकं फुटी जाई." त्या तांब्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. हातात वरवंटा असता तर तोच फेकला असता, आणि कदाचित तू आठवा बिट घातला असतास.

तू तपासलं नव्हतंस असं मी कुणाला म्हणू देणार नाही. पण कधी तपासलंस? शेठ चालू दिवशी मशीनला हात लावू देत नव्हता, माल थांबतो म्हणून. तुला मिळायचा आठवड्याच्या सुट्टीचा दिवस. मिल बंद, मोटरी बंद, खाली कुत्री झोपलेली. सुरतेतले सगळे पेटीवाले हेच करतात: सुट्टीला बसवायचं, सुट्टीला तपासायचं, आणि मिल चालू होताना नारळ फोडून पेढे वाटायचे. मी तुला म्हटलं होतं, हे म्हणजे सासू गावाला गेलेली असताना सासर बघून येण्यासारखं आहे. तू इतका हसलास की सोल्डरिंगची तापलेली कांडी टेबलावर पडली आणि टेबल जळलं. हसलास, पण ऐकलं नाहीस. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आपल्या दादांनी तुझ्यासाठीच राखून ठेवली होती.

आणि तो मास्तर, जो आज तुझ्या फोटोला हार घालतो. रंगाईचं मशीन उकळत्यापेक्षा जास्त तापतं, आत दाब असतो. ते निवल्याशिवाय पाणी सोडायचा व्हॉल्व उघडू नये म्हणून त्याला जुनी लोखंडी अडण होती. तुझी पेटी बसल्यावर त्याने ती अडण काढायला लावली, आता कॉम्प्युटर आहे ना, मग हे लोखंड कशाला. तू "राहू द्या" म्हणालास. एकदा म्हणालास. मिरची मांडून माझ्याशी तासन्‌तास भांडणारा माणूस मास्तरपुढे एकदाच बोलला आणि गप्प झाला, हे मला अजून गिळवत नाही.

सुपडूभाऊ तुला नवा नव्हता. तुझी तार त्यानेच तुझ्याबरोबर ओढली, शिडी धरली, तुझ्या डब्यातला ठेचा न विचारता खाल्ला. तुला "विंजनेर" म्हणायचा आणि मुद्दाम तसंच म्हणत राहायचा. त्या दुपारी वीज गेली, कॉम्प्युटर आणि तुझी पेटी तेवढी बॅटरीवर चालू राहिली. थोड्या वेळाने आली, आणि साऱ्या मिलच्या मोटरी एकदम उठल्या. कॉम्प्युटरने तुझ्या मशीनला हुकूम पाठवला, "थांब". त्याचे दोन बिट उलटले. पेटीने एकच उलटला असं समजून तिसराही उलटला, आणि शांतपणे व्हॉल्व उघडला. सुपडू पाइपाच्या तोंडाशी वाकून गटार साफ करत होता. मरून रंगाचं पाणी होतं. बनियन काढायला गेले तर बनियनबरोबर कातडी आली. तो शुद्धीवर होता. दवाखान्यात नेईपर्यंत रिक्षात एकच विचारत होता, "पानी कोनी सोडं?" तू त्याच्या शेजारी बसला होतास.

तो गेला त्या दिवशी तू घरी आलास, पेटी उघडलीस, माझ्यासमोर तेच सगळं पुन्हा करून पाहिलंस. मग म्हणालास, "अक्का, दोन." "मी सांगितलं होतं" हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. आयुष्यात एकदाच मी ते गिळले. मी बरोबर होते, गजा, आणि या बरोबर असण्याचा मला जेवढा संताप येतो तेवढा तुझ्या चुकीचाही येत नाही.

मिलच्या गेटवर दगड चालले. ऑफिसच्या काचा गेल्या, एका वॉचमनचा हात मोडला. संध्याकाळपर्यंत मास्तरने गोष्ट तयार करून सोडली होती: सुपडू पिऊन होता. या दारूबंदीच्या राज्यात मेलेल्या माणसावर दारूचा आळ घालणं किती सोपं असतं. भरपाई नको, गुन्हा त्याचाच, आणि बायकापोरांनी मान खाली घालून गावाला निघून जावं. तुला कुणी काही विचारलंच नाही. तू गप्प बसला असतास तर आज माझ्यासमोर चहा पीत असतास, मास्तरच्या जागी.

तू सुपडूच्या घरी गेलास. मी दारापर्यंत तुझ्या मागे आले होते, तू "घरी जा" म्हणालास, मी गेले नाही. पांडेसऱ्याच्या त्या अरुंद बोळात सगळे बसलेले. तू त्याच्या बायकोसमोर, इंदूबाईसमोर उभा राहून म्हणालास, "वहिनी, सुपडूभाऊनी व्हॉल्वले हात लावा नही. तो पेल नव्हता. मनी पेटीनी खोला." इंदूबाईने पायातली चप्पल काढली. ती तुटल्यावर कपड्यांचं धोपाटणं घेतलं. मग पुरुष उठले. मी आत घुसले, एकाचा चावा घेतला, माझे केस कुणीतरी धरले. तू हात वर केला नाहीस. ज्या माणसाने बहिणीचा हात एका तांब्यासाठी पिरगळला, तो तिथे खांबासारखा उभा राहून मार खात होता. शेवटी इंदूबाईच ओरडली, "बस करा आते." घरी येऊन तू फुटक्या ओठाने दोन भाकऱ्या खाल्ल्यास आणि म्हणालास, आज जेवण गेलं.

तू आता ते इन्स्पेक्टरसमोर सांगणार होतास. त्याआधीच, दिवेलागणीला, पांडेसऱ्याहून बमरोलीला येताना तुला लोखंडी पाइपाने मारलं. मागून मारलं, मग पडल्यावरही मारलं. दवाखान्यात मला दाखवलं तेव्हा तुझं डोकं मला ओळखू आलं नाही, हातावरून ओळखलं, सोल्डरिंगचे डाग होते. तू शुद्धीवर आलाच नाहीस. त्यामुळे निरोप नाही, शेवटचा शब्द नाही. मी रोज तुझ्या कानाशी तोंड नेऊन भांडत होते, आठवा बिट घालायचा की नाही बोल, आळशी माणसा, बोल. नर्स मला बाहेर काढायची. एकदा मी तिच्यावरही हात उचलला आणि मग तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले.

कोणी मारलं? मिल म्हणते सुपडूच्या भाऊबंदांनी. भाऊबंद म्हणतात मिलच्या गुंडांनी. पोलीस म्हणतात अनोळखी इसम. तुला जाळून आल्यावर मी खरंच वरवंटा पिशवीत घातला आणि निघाले. मला कुणाला तरी मारायचं होतं, गजा, हे मी सजवून सांगत नाही. नाक्यावर आले. डावीकडे सुपडूचा बोळ, उजवीकडे मिलचं गेट. मी तिथे उभी राहिले. डावीकडे बघितलं तर वाटायचं हेच, यांनी त्याला आधी मारलंच होतं. उजवीकडे बघितलं तर वाटायचं हेच, त्याचं तोंड बंद व्हायला यांनाच हवं होतं. भाजीवाली म्हणाली, "बेन, शुं आपुं?" मी वांगी घेतली. वरवंट्यावर वांगी टाकून घरी आले. मायने भरीत केलं.

म्हणून मास्तर दोन नावं द्यायला आला तेव्हा माझे हात शिवशिवले. नाव मिळालं असतं तर मी सुटले असते. पण त्याच्या तोंडातलं नाव खरं होतं म्हणून आलं नव्हतं, त्याला सोयीचं आणि सगळ्यात जवळचं होतं म्हणून आलं होतं. अशी दुरुस्ती मी एकदा बघितली आहे, तिच्यात एक माणूस उकडून मेला. मी म्हटलं, मला माहीत नाही कोणी मारलं ते, आणि तुम्हालाही माहीत नाही. उठा.

तो गेल्यावर माय माझ्यावर धावून आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिने मला मारलं. "मरेल पोऱ्यानं नाव कशाले खराब करस? सगळा म्हनतस पेटी चांगली व्हती, तुले काय व्हस?" मी तिचे हात धरले. ते इतके बारीक झालेत. मला तिला समजावता आलं नाही की तुझं नाव स्वच्छ ठेवायचं तर ती घाण सुपडूच्या पोरांच्या अंगावर टाकावी लागेल. किंवा तिला समजलं होतं, आणि तरीही तिला तेच हवं होतं. आई आहे ती.

इन्स्पेक्टर साहेब सुट्टीच्या दिवशी आले. अर्थात. मिल बंद, मोटरी बंद, खाली झाडलोट केलेली, मास्तर इस्त्रीच्या कपड्यात. तुझी पेटी तिथेच बसवलेली होती, वायर पुसून चकाचक. साहेब कॉम्प्युटरवरून हुकूम पाठवत होते, पेटी एकेक बरोबर पाळत होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, आ तो बराबर चाले छे."

मी म्हटलं, "साहेब, ही तपासणी नाही. सगळ्या मोटरी चालू करा. मग मेन स्विच पाडा आणि परत चढवा. त्या दिवशी झालं तसं."

मास्तर म्हणाला, सुट्टीला माणसं कुठून आणू. तेवढ्यात गेटवर गलका झाला. इंदूबाई आली होती, तिच्याबरोबर तिच्या बोळातले ऑपरेटर, तुला ज्यांनी लाथा घातल्या तेच. वॉचमन अडवत होता, त्याला ढकलून ते आत आले आणि एकेक जण आपापल्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. साहेबांनी मान डोलवली. मशीन रिकामं आणि थंडच होतं. व्हॉल्वची वायर काढून तिथे मी एक दिवा लावला. "पाणी सोड" पोचलं तर दिवा लागेल. कॉम्प्युटरवरून मात्र सारखा एकच हुकूम जाणार, "थांब".

मिल उठली. जमीन हादरायला लागली. स्विच पडला, सगळं बसलं, स्विच चढला, सगळ्या मोटरी एकदम ओरडल्या. दिवा लागला नाही. पुन्हा केलं. नाही. पुन्हा. नाही. एकेक बिट उलटत असणार आणि तुझी पेटी तो बिनचूक सुलटा करत असणार, आपण शेंगदाण्यांवर केला तसा. किती सुंदर काम केलं होतंस रे. मास्तर हसायला लागला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आणि मी, तुझी बहीण, पदराखाली हात जोडून कानबाई देवीला म्हणत होते, माझा भाऊ चुकू दे. त्याचं काम फसू दे. आई, आत्ता, यांच्या डोळ्यांसमोर फसू दे. बहिणीने भावासाठी असं कधी काही मागितलं असेल का मला माहीत नाही. मी "अजून एकदा" म्हटलं, साहेब नाही म्हणत होते, पण स्विचपाशी उभ्या असलेल्या ऑपरेटरने त्यांच्याकडे बघितलंच नाही, खाडकन पाडला आणि चढवला.

दिवा लागला.

मी दोन्ही हात वर केले, गजा. शाळेत उत्तर बरोबर आल्यावर पोरी करतात तसे. माझ्या भावाच्या हातून माणूस मेला हे तिथे सगळ्यांना दिसलं आणि मी हात वर केले. मग ते खाली घेता येईनात. कुणीतरी मोटरी बंद केल्या. साहेब दिव्याजवळ जाऊन वाकून बघत होते, मग मास्तरला विचारलं, अडण कोणी काढली. मास्तर आधी शेठचं नाव घेऊ लागला, मग तुझं.

इंदूबाई माझ्याकडे चालत आली. मला वाटलं आता ही मारणार, आणि मी अंग सोडून उभी राहिले, तू राहिला होतास तशी. तिने माझे हात धरून खाली केले.

"तुमना भाऊनी मना धनीले मारी टाकं," ती म्हणाली. "आनि मना दारवर सांगाले बी तोच एकला ऊना, दुसरं कोनी ऊनं नही. दोन्ही मी पोरंस्ले सांगसू."

मी हो म्हटलं. दोन्ही तुझंच आहे, गजा. त्यातलं एकही मी तिला गाळायला सांगितलं नाही.